पेट्यो आसत, पण धनी खय?

आंब्याच्या धंद्यात पेटीपेक्षा पट्टीची वाट जास्त पाहिली जाते. देवगड भागातून संध्याकाळी भरलेला ट्रक रात्रभर महामार्ग तुडवत वाशीच्या मार्केटला लागतो, माल विकला जातो आणि मागाहून दलालाकडून पट्टी येते. कोणत्या मार्काच्या किती पेट्या, काय भाव लागला, भाडं-हमाली किती वजा, हातात किती. मोठ्या बागायतदाराची पट्टी थेट त्याच्या नावावर येते. छोट्या बागांचे लोक एकत्र माल पाठवतात तेव्हा मात्र ती संस्थेच्या नावावर येते आणि आतल्या माणसांत वाटावी लागते. पंचवीस-तीस कलमांचा धनी आज चार पेट्या आणतो, उद्या एक, मग आठवडाभर फिरकत नाही. त्याचा पैसा त्याच्या खात्यावर पडायचा तर प्रत्येक पेटीमागे एक जिवंत खातं असायला हवं. एवढी साधी अट आहे.

अशाच एका संस्थेचा संगणकावरचा हिशोब मी बघून देते. पोटापाण्याचं काम पुण्यातल्या कंपनीचं, गावच्या घरातूनच करते, वीज आणि नेटवर्क एकाच वेळी असतील तेव्हा. संस्थेचं काम गावाचं म्हणून गळ्यात आलं. प्रोग्रॅम आधीच कोणीतरी लिहून दिलेला होता, आणि वाईट नव्हता. डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे ऑफिसातल्या त्या एका संगणकावरची एकच फाइल. बागायतदारांचं एक टेबल, पेट्यांच्या आवकेचं दुसरं, पट्ट्यांचं तिसरं. आवकेच्या टेबलात बागायतदाराचा क्रमांक, आणि तो क्रमांक पहिल्या टेबलातलाच असला पाहिजे असं लिहून ठेवलेलं. ह्यालाच फॉरेन की म्हणतात.

संस्थेचे जुने कारकून, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यांनी हंगामाच्या मध्यावर मला बोलावून दोन कागद पुढे केले. एकावर आवकेची बेरीज, दुसऱ्यावर खातेनिहाय यादीची बेरीज. दुसरी कमी. आबांचा प्रश्न मालवणीत होता आणि त्याहून नेमका प्रश्न मला कुठल्याही तांत्रिक पुस्तकात सापडला नसता. "काय गो, पेट्यो आसत, पण धनी खय?"

यादी दोन टेबलं जोडून काढलेली होती. असं जोडताना ज्या पेटीचा बागायतदार सापडत नाही ती ओळ गुपचूप गळते. चूक दाखवली जात नाही, लाल अक्षरं येत नाहीत, फक्त बेरीज थोडी कमी भरते. आबा दोन्ही बेरजा हाताने ताडून बघतात म्हणून कळलं. दुसरा कोणी असता तर छापलेल्या कागदावर सही करून मोकळा झाला असता.

पेट्यांच्या टेबलात बेवारस नोंदी निघाल्या. त्यांतले बागायतदार क्रमांक पहिल्या टेबलात कुठेच नव्हते. आणि तरी टेबलाच्या व्याख्येत फॉरेन की अगदी स्वच्छ लिहिलेली! मी ज्या साधनातून फाइल उघडली त्याने दोन टेबलांमध्ये सुंदर रेघसुद्धा काढून दाखवली.

फॉरेन कीची कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरचा, जो निबंध प्रसिद्ध केला त्यातच ती आहे. एका टेबलातल्या रकान्यात दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीची, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणाऱ्या क्रमांकाची, मूल्यं असली तर तो रकाना फॉरेन की. कागदावर गणित नीटनेटकं आहे. पण गणितात नातं एकदा मांडलं की ते खरंच असतं. प्रत्यक्षात ते कोणीतरी राखावं लागतं, प्रत्येक नोंदीच्या वेळी, आणि राखणीला बसणारा कोण ह्याचं उत्तर प्रत्येक डेटाबेसचं वेगळं आहे.

एसक्यूलाइटची गोष्ट ह्यात सगळ्यात बोलकी. हा डेटाबेस २००० साली सुरू झाला. कितीतरी वर्षं तो टेबलाच्या व्याख्येतली फॉरेन की वाचायचा, व्याकरण तपासायचा, जपून ठेवायचा आणि पुढे काहीच करायचा नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या ३.६.१९ ह्या आवृत्तीपासून तो ती खरोखर पाळू लागला. पण तोवर जगभर असंख्य प्रोग्रॅम ह्या ढिलाईवर चालत होते. नियम एकाएकी लागू केला असता तर काल चालणारी कामं आज अडली असती. म्हणून ठरलं की सोय असेल, पण बंद स्थितीत. ज्याला हवी त्याने फाइल उघडल्यावर 'प्राग्मा फॉरेन कीज ऑन' असा हुकूम द्यायचा.

हा हुकूम फाइलीला दिला जात नाही, त्या एका जोडणीला, म्हणजे प्रोग्रॅमने फाइल उघडून बांधलेल्या संपर्काला, दिला जातो. म्हणजे मी माझ्या प्रोग्रॅममधून फाइल उघडून हुकूम दिला तर माझ्यापुरता नियम चालू. त्याच क्षणी शेजारच्या प्रोग्रॅमने तीच फाइल हुकूम न देता उघडली तर त्याला नियमच नाही. जोडणी बंद केली की माझाही हुकूम संपला, उद्या परत द्यायचा. फाइलीत त्याची आठवण राहत नाही. शिवाय एखादा व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, सुरू असताना हुकूम दिला तर तो निमूट दुर्लक्षिला जातो, चूक म्हणून काही परत येत नाही. मागाहून सुचलेल्याला ही जागा हमखास फसवते, कारण पायथन भाषेचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस ह्यांच्यातला दुवा, पहिल्या नोंदीआधी पडद्यामागे स्वतःच व्यवहार सुरू करून ठेवतो.

संस्थेच्या फाइलीला तीन दारं होती. काउंटरवरचा मुख्य प्रोग्रॅम जावामध्ये लिहिलेला, जेडीबीसी ह्या जावाच्या ड्रायव्हरमधून येणारा. लिहिणाऱ्याने ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फॉरेन की चालू केलेली. त्यामुळे काउंटरवरून कोणी पेट्या शिल्लक असलेला बागायतदार पुसायला गेला तर प्रोग्रॅम ठाम नकार द्यायचा, आणि नेमक्या ह्या नकारामुळे सगळे निर्धास्त होते. दुसरं दार हिशोबनिसाचं. त्यांना मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस ह्या डेटाबेस प्रोग्रॅमची सवय, म्हणून ओडीबीसी नावाचा ड्रायव्हर टाकून टेबलं तिथे जोडून घेतलेली. तिसरी एक छोटी पायथन स्क्रिप्ट, जी हंगामाच्या तोंडावर गावागावांतून आलेली एक्सेल यादी आत ओढायची. ह्या दोन दारांवर हुकूम देणारं कोणी नव्हतं.

बेवारस नोंदी झाल्या त्या तिसऱ्या दारातून, आणि त्यातली गंमत (आज गंमत म्हणवते) सांगण्यासारखी आहे. स्क्रिप्टमध्ये 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' वापरलं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस नवा असेल तर घाल, जुना असेल तर माहिती बदल. एसक्यूलाइट तसं करत नाही. बागायतदाराच्या टेबलात मोबाइल नंबर एकमेव असावा असा नियम होता. यादीत तोच नंबर आला की जुनी ओळ आख्खी पुसली जायची आणि नवी ओळ घातली जायची, नव्या क्रमांकाने. नावातली वेलांटी सुधारून आलेला माणूस आतल्या आत नवा माणूस व्हायचा, आणि त्याच्या आधीच्या पेट्या जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या क्रमांकाकडे बोट दाखवत राहायच्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी यादी आली तर बिघडत नाही, पेट्याच नसतात. पण सुधारित याद्या एप्रिलमध्येही येतात. गाव आहे, मे उजाडल्यावरसुद्धा नाव सुधारून मागणारे निघतात.

नियम चालू असता तर ती स्क्रिप्ट पहिल्याच अशा नावावर अडखळून पडली असती. कोणीतरी वैतागलं असतं, कोणीतरी फोन केला असता. तेच बरं झालं असतं. २०१८ पासून, ३.२४ आवृत्तीत, एसक्यूलाइटमध्ये ह्यासाठी वेगळी सोय आहे: टक्कर झाली तर ओळ न पुसता तिथल्या तिथे बदल करायचा. क्रमांक जागचा हलत नाही. स्क्रिप्टमध्ये आता तेच आहे.

ह्याहून वाईट एक शक्यता असते आणि तिने मला खरी धास्ती लावली. 'ऑटोइन्क्रिमेंट' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एसक्यूलाइट नवा क्रमांक देताना टेबलात आत्ता असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा देतो. शेवटचा माणूस पुसला गेला तर त्याचा क्रमांक मोकळा होतो आणि पुढच्या नवख्याला मिळतो. मग जुन्याच्या पेट्या बेवारस राहत नाहीत. त्या नव्याच्या नावावर लागतात! कोणतीही तपासणी हे पकडू शकत नाही, कारण नियमाच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे, धनी आहे, फक्त चुकीचा आहे. आमच्या फाइलीत ते झालं नव्हतं. टेबलात ऑटोइन्क्रिमेंट होतं. ज्याने लिहिलं त्याला मी मनातल्या मनात धन्यवाद दिले.

आबांना हे समजावताना मी सातबाऱ्याचा आधार घेतला, कारण कोकणात त्यावाचून कुठलंही नातं पटत नाही. जमिनीवरचं नाव बदलायचं तर वर्दी द्यावी लागते, गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला १५ दिवस असतात, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात, आणि मग गाव नमुना सातवर नवं नाव चढतं. जुनं नाव पुसलं जात नाही, त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून मागे जाऊन का बदललं ते वाचता येतं. अर्ज ऑनलाइन आला की कचेरीत हाताने दिला ह्याने प्रमाणित करण्याची अट सुटत नाही. आबा हसले. त्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर पणजोबांच्या भावाचं नाव अजून बिनकंसाचं आहे, कारण त्यांची पुढची पिढी मुंबईत आणि वारस नोंदीला कोणी सवड काढली नाही. म्हणजे तिकडे माणूस जाऊन जमाना झाला तरी नाव हलत नाही, आणि आमच्या फाइलीत माणूस आंबे घेऊन दारात उभा आणि त्याचा क्रमांक नाहीसा. आबांचं म्हणणं, दोन्हीकडे भांडण ठरलेलंच.

एसक्यूलाइटवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत मायआयसॅम नावाचं स्टोरेज इंजिन, म्हणजे माहिती साठवणारा भाग, असायचं. तिथे फॉरेन की लिहिली तर सर्व्हर 'ठीक' म्हणायचा आणि विसरून जायचा. फॉरेन की पाळणारं इनोडीबी इंजिन आपोआप वापरात यायला २०१० मधली ५.५ ही आवृत्ती उजाडली. त्यानंतरही एक खोड राहिली. रकान्याच्या व्याख्येतच ओळीत 'रेफरन्सेस' लिहिलं तर ते वाचून सोडून दिलं जायचं, वेगळी ओळ करून फॉरेन की लिहिली तरच खरी. ही खोड जुलै २०२४ मधल्या ९.० आवृत्तीत गेली. तोवर किती जणांनी रकान्यासमोर ते लिहून सुखाने झोप काढली असेल!

पोस्टग्रेस ह्या आणखी एका डेटाबेसमध्ये २००० सालच्या ७.० आवृत्तीपासून फॉरेन की आहे आणि ती सर्व्हर राखतो. ड्रायव्हर कुठला, भाषा कुठली, जोडणी कितवी, ह्याच्याशी त्याला घेणं नाही. नियम बंद करायचा तर खास अधिकार लागतात. मला ही मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते. पण पोस्टग्रेससाठी सर्व्हर चालवावा लागतो. एका खोलीत, एका संगणकावर, पावसाळ्यात दिवसातून कितीदा वीज जाते हे न मोजणाऱ्या गावात, फाइल उचलून पेन ड्राइव्हवर घेता येणारा डेटाबेस हाच शहाणपणाचा पर्याय होता. त्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ड्रायव्हरांच्या मौनाबद्दल. जेडीबीसीला विचारलं की ह्या टेबलाच्या फॉरेन की कोणत्या, तर तो यादी देतो. ओडीबीसीतही त्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहे. दोघेही डेटाबेसच्या व्याख्येत काय लिहिलंय ते वाचून दाखवतात. चित्रं काढणारी साधनं ह्याच उत्तरावर रेघा ओढतात. ओडीबीसीला असंही विचारता येतं की तुझ्याकडे अखंडता, म्हणजे टेबलांमधली अशी नाती, राखायची सोय आहे का, आणि 'वाय' किंवा 'एन' असं एका अक्षराचं उत्तर मिळतं. जेडीबीसीत त्याच अर्थाची पद्धत आहे, हो किंवा नाही. पण हे सोयीबद्दलचं उत्तर आहे. आत्ता, ह्या जोडणीवर, ती सोय चालू आहे का, हे वेगळं विचारावं लागतं, आणि कोणी विचारत नाही. एसक्यूलाइटमध्ये 'प्राग्मा फॉरेन कीज' एवढंच म्हटलं तर शून्य किंवा एक येतं. काहीच आलं नाही तर एसक्यूलाइटच्या त्या बांधणीत, म्हणजे तयार करून दिलेल्या त्या प्रतीत, सोयच नाही असं समजायचं.

त्यात प्रत्येक ड्रायव्हरचा स्वभाव निराळा. पायथनसोबत येणारा गप्प राहतो. जावास्क्रिप्टच्या नोडमधला बेटर-एसक्यूलाइट-थ्री नियम चालू ठेवूनच बांधलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (जोडणीच्या सेटिंगच्या ओळीत) 'फॉरेन कीज' असा शब्द आहे, पण तो न लिहिल्यास काय होईल हे आत कोणती एसक्यूलाइट बांधली आहे त्यावर ठरतं. पायथनमधल्या जँगो ह्या फ्रेमवर्कने २.० आवृत्तीपासून स्वतःच चालू करायला घेतलं. ओडीबीसी ड्रायव्हरमध्ये 'एफके सपोर्ट' नावाचा पर्याय असतो, मुळात बंद. म्हणजे एकाच फाइलीवर चार जण चार भाषांतून आले तर त्यांच्यात जो सर्वांत ढिला, त्याच्याइतकीच फाइल विश्वासार्ह.

पुण्यातल्या आमच्या टीममध्ये ह्यावर बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, आम्ही फॉरेन की वापरतच नाही, ॲप्लिकेशन सांभाळतं. मोठ्या प्रमाणावर, डेटा अनेक सर्व्हरांवर वाटलेला असतो तेव्हा, ह्यात तथ्य आहे. एका सर्व्हरवरच्या ओळीसाठी दुसऱ्याचं दार दरवेळी ठोठावणं परवडत नाही. नियम पाळायला वेळही जातो. पोस्टग्रेस तर फॉरेन की असलेल्या रकान्यावर आपोआप इंडेक्स (पटकन शोधायची सूची) बांधत नाही, आणि मग एक ओळ पुसायला आख्खं टेबल चाळलं जातं. हे सगळं मान्य. पण 'ॲप्लिकेशन सांभाळतं' ह्या वाक्यात ॲप्लिकेशन एकच आहे असं गृहीत असतं. संस्थेतसुद्धा ती तीन निघाली, आणि संस्थेचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक पंखा आणि गणपतीचं कॅलेंडर.

नियम थोडा वेळ बंद ठेवण्याला मात्र माझा विरोध नाही. मायएसक्यूएलचा डम्प, म्हणजे आख्ख्या डेटाबेसची लिहून काढलेली प्रत, उघडून बघा, सुरुवातीलाच तपासणी बंद करणारी ओळ असते, कारण टेबलं वर्णक्रमाने भरताना मूल (बोट दाखवणारं टेबल) आधी आणि आईबाप (ज्याकडे बोट ते टेबल) मागून येऊ शकतात. अडचण पुढची आहे. तपासणी पुन्हा चालू केली म्हणजे मधल्या काळात आलेल्या नोंदी तपासल्या जातात असं नाही. सर्व्हर तिथून पुढचं बघतो, आत शिरलेलं तसंच राहतं. एसक्यूलाइटमध्येही तसंच. फक्त तिथे 'फॉरेन की चेक' नावाचा वेगळा हुकूम आहे, जो सगळी फाइल चाळून प्रत्येक बेवारस ओळीचं टेबल, तिचा क्रमांक आणि ती कोणाकडे बोट दाखवते ते सांगतो. मी तो रोज रात्रीच्या बॅकअपच्या आधी लावून दिला आहे. काही निघालं तर सकाळी आबांच्या टेबलावर कागद छापून येतो. स्क्रीनवरची सूचना ते वाचत नाहीत, कागद वाचतात.

निघालेल्या पेट्यांचे धनी शोधायचं काम आबांनीच केलं. फाइलीला दोन तारखा आणि पेटीवरचा मार्क माहीत होता. आबांना कोणत्या वाडीतून कोणाचा टेम्पो कधी आला ते माहीत होतं. जुन्या बॅकअपमधून पुसलेले क्रमांक मी काढून दिले, त्यांनी आवकेच्या कच्च्या पावत्या समोर धरल्या, आणि बहुतेक सगळ्या जुळल्या. मग पेट्या नव्या क्रमांकांना जोडल्या आणि तिन्ही दारांवर हुकूम लावला. ॲक्सेसच्या ओडीबीसी सेटिंगमध्ये तो पर्याय चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी हिशोबनिसांचा फोन आला की काहीतरी बिघडवलंस, एक नाव पुसू देत नाही. मी म्हटलं, त्या नावावर पेट्या आहेत काका. ते म्हणाले, आहेत खऱ्या.

काही थोड्या पेट्या कोणाच्याच निघाल्या नाहीत. त्यांचा पैसा संस्थेने उचंत, म्हणजे तात्पुरत्या, खात्यात ठेवलाय. ऑडिटर विचारतील तेव्हा आबा उत्तर देतील, आणि मध्येच कोणी आपली पावती घेऊन आला तर त्याला चुकते करतील. डेटाबेसमध्ये त्यासाठी 'उचंत' नावाचा एक बागायतदार घालावा लागला, कारण आता नियम चालू आहे आणि धन्याशिवाय पेटी आत ठेवता येत नाही. मोबाइल नंबरच्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर बराच खल झाला. तो रकाना रिकामा सोडला आहे.